माळावरील कोयोट व त्याचा सांपळा

आपल्याकडे धूर्तपणाची गोष्ट निघाली कीं कोल्ह्याचें नांव निघावयाचेंच. पंचतंत्रांतील करटक व दमनक हे कोल्हेच होते, आणि आजीच्या गोष्टींत सिंहाला फसविणाराहि बहुधा कोल्हाच असतो. अमेरिका खंडांतील मूळच्या लोकांच्या कथांत हा मान कोयोट नांवाच्या प्राण्यास मिळालेला आहे. कधीं तो दुसऱ्यास फसवितो, कधीं स्वतःच फसतो. पण शेवटीं कसाबसा निसटून पुढच्या गोष्टींत पुन्हां हजर होतो. ह्या प्राण्याशीं उत्तर अमेरिकेंतील मेंढपाळांचा गेलीं दीडशें वर्षें जो झगडा चालला आहे, तो ह्या कथांइतकाच मनोरंजक असून त्यांत विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. विशेषतः जेथें झाड नाहीं, आडोसा नाहीं आणि वारा मात्र अष्टौप्रहर वाहतो, अशा उघड्या माळावर कोयोटास सांपळ्यांत धरणें ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे. ती विद्या कोणत्या नियमांवर उभी आहे व तिची मर्यादा कोठें आहे, हें ह्या लेखांत थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम ह्या प्राण्याची ओळख करून घेऊं. कोयोट हा कुत्रा, लांडगा व कोल्हा ह्यांच्याच कुळांतला. आपला कोल्हा व लांडगा ह्यांच्यामधील जागा त्याची, असें म्हटलें असतां त्याची बरीच कल्पना येईल. वजन साधारणतः २० ते ४५ पौंड. अंगावर राखी-पिंगट केंस. तोंड निमुळतें, कान मोठे व उभे, शेंपूट झुपकेदार व धांवतांना खालीं सोडलेलें. मेक्सिकोंतील नाहुआ लोकांच्या भाषेंत त्यास 'कोयोत्ल' म्हणत. स्पॅनिश लोकांनीं त्याचें 'कोयोटे' केलें व तेथून तें नांव इंग्रजींत आलें. १८०४ सालीं लुईस व क्लार्क हे प्रवासी मिसुरी नदीच्या मार्गानें पश्चिमेकडे निघाले, त्या प्रवासांत त्यांनीं ह्यास 'माळावरचा लांडगा' असें म्हटलें. पुढें १८२३ सालीं टॉमस से ह्या प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें शास्त्रीय नांव 'कॅनिस लॅट्रन्स', म्हणजे 'भुंकणारा कुत्रा', असें ठेविलें. सायंकाळीं माळावर त्याची ओरड सुरू झाली म्हणजे हें नांव किती समर्पक आहे तें कळतें.

त्याचें नेहमींचें अन्न म्हणजे ससे, उंदीर, बिळांत राहणाऱ्या खारी, टोळ, रानफळें व मेलेल्या जनावरांचें मांस. एवढ्यावर तो राहता, तर त्याच्याशीं भांडण करण्याचें कोणास कारण पडलें नसतें. परंतु वसंत ऋतूंत, एप्रिल-मेच्या सुमारास, माळावर मेंढ्या वितात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोयोटाच्या बिळांत सरासरी सहा पिलें भुकेलेलीं असतात. कोंकरूं हें सशापेक्षां मोठें, पळण्यांत मंद आणि एका जागीं पुष्कळ सांपडणारें. तेव्हां पिलें पोसणाऱ्या जोडीची दृष्टि तिकडे वळावी ह्यांत नवल नाहीं. अमेरिकेंत हिंस्र पशूंकडून मेंढरांची जी हानि होते, तिच्यांत पहिला क्रमांक कोयोटाचाच लागतो. ज्या कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न म्हणजे त्या हंगामाचीं कोंकरें व लोंकर, त्यास रोज सकाळीं एकेक कोंकरूं नरडें फोडलेलें सांपडूं लागलें, म्हणजे कर्ज फेडावयाचें कसें व हिंवाळा काढावयाचा कसा हा प्रश्न उभा राहतो. कातड्याच्या व्यापारानें सांपळ्याच्या विद्येस उत्तेजन दिलें हें खरें. पण मेंढपाळाच्या घरीं ती ह्या प्रश्नांतूनच आली.

आतां ज्या भूमीवर हा झगडा चालतो तिच्याकडे वळूं. रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेस शेंकडों मैल पसरलेला, दक्षिणेस टेक्सासपासून उत्तरेस कॅनडापर्यंत गेलेला जो प्रचंड माळ आहे, त्यास 'ग्रेट प्लेन्स' असें म्हणतात. वायोमिंग, मोंटाना, डाकोटा, नेब्रास्का वगैरे राज्यें सर्वस्वीं किंवा अंशतः ह्याच माळावर वसलेलीं आहेत. गवत आंखूड, मधून मधून सेजब्रश नांवाचीं राखट रंगाचीं, कमरेइतकीं झुडपें, बाकी क्षितिजापर्यंत दृष्टीस अडथळा नाहीं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या ज्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, तेथें आषाढांत उभें राहून ज्यांनीं तोल सांवरला असेल, त्यांस अशा वाऱ्याची कल्पना सहज करतां येईल. भेद इतकाच कीं आपला तो वारा पाऊस आणतो. तिकडचा हिंवाळ्यांतील वारा बहुधा पश्चिमेकडून व वायव्येकडून येतो आणि आपल्याबरोबर बर्फाचा भुगा उडवीत नेतो. भुसभुशीत माती तो एका रात्रींत खरवडून काढतो, आणि दुसऱ्या रात्रीं एखादा खळगा बर्फानें काठोकाठ भरून ठेवतो.

अशा जागीं वापरावयाचें साधन म्हणजे पोलादी पायसांपळा. न्यूयॉर्क राज्यांतील ओनायडा येथील सिवेल न्यूहाउस हा कारागीर अशा सांपळ्यांसाठीं प्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील एका धार्मिक वसाहतीनें ते कारखान्यांत तयार करून देशभर पसरविले. त्याची रचना साधी आहे. दोन अर्धवर्तुळाकार जबडे, मध्यें एक लहान तबकडी, बाजूस जोरदार स्प्रिंग, आणि उघडे जबडे अडवून धरणारी एक लहानशी पट्टी. तबकडीवर पाय पडला कीं पट्टी सुटते व जबडे पाय पकडतात. हा सांपळा जनावरास मारीत नाहीं; मनुष्य येईपर्यंत धरून ठेवतो. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी, कारण ह्या विद्येंतील पुष्कळशी जबाबदारी ह्याच एका गोष्टींतून उत्पन्न होते.

सांपळा विकत मिळतो. परंतु शेंकडों एकरांच्या माळांतून कोयोटाचा पाय बरोबर त्या दोन इंचांच्या तबकडीवर कसा आणावयाचा, हें विकत मिळत नाहीं. तें वाऱ्यापासून शिकावें लागतें. कोयोट डोळ्यांनीं तीक्ष्ण आहे, कानांनीं त्याहून तीक्ष्ण आहे, पण शेवटचा निवाडा तो नाकाकडे सोंपवितो. डोळ्यांना दिसलेली वस्तु खरी कीं खोटी हें ठरविण्यासाठीं तो वळसा घेऊन तिचा वास येईल अशा बाजूस जातो व मगच जवळ येतो किंवा निघून जातो. म्हणून ज्यास कोयोट धरावयाचा आहे त्यानें प्रथम वास कसा वाहतो हें समजून घेतलें पाहिजे.

वास म्हणजे पदार्थापासून सुटणारे अतिसूक्ष्म कण. स्थिर हवेंत ते चोहोंकडे थोडेथोडे पसरतात. वाऱ्यांत मात्र चुलीच्या धुराप्रमाणें त्यांचा लांब पट्टा होऊन तो एकाच दिशेस जातो. ज्या बाजूकडून वारा येतो तीस आपण वरची बाजू म्हणूं, व जिकडे जातो तीस खालची बाजू म्हणूं. आतां अशी कल्पना करा कीं माळावरून दक्षिणोत्तर पायवाट गेली आहे, वारा पश्चिमेचा आहे, आणि त्या वाटेनें कोयोट येतो आहे. सांपळा व आमिष वाटेच्या पूर्वेस, म्हणजे खालच्या बाजूस, कांहीं पावलांवर मांडलें असेल, तर वासाचा पट्टा वाटेपासून दूर पूर्वेकडे निघून जाईल. कोयोट शेजारून गेला तरी त्यास कांहीं कळणार नाहीं. तेंच आमिष पश्चिमेस, वरच्या बाजूस ठेविलें, तर पट्टा वाटेस आडवा पडेल. कोयोट त्यांत शिरतांच थबकेल, तोंड वाऱ्याकडे फिरवील, आणि दोरी धरून चालावें तसा त्या वासाच्या मागानें थेट सांपळ्यापर्यंत येईल. उघड्या, वादळी प्रदेशांतील सर्व नियमांचा राजा तो हाच: सांपळा वाटेच्या वरच्या बाजूस असावा.

येथें वारा म्हणजे सांपळा मांडण्याच्या दिवशीं वाहणारा वारा नव्हे. त्या ऋतूंत त्या जागीं बहुतेक दिवस जो वाहतो तो. हा ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. झुडपें कोणत्या अंगास कललीं आहेत, गवताच्या थोंबाच्या कोणत्या बाजूस माती किंवा बर्फ सांचला आहे, हें पाहिलें म्हणजे जमीनच आपली वारे-वही उघडून दाखविते. वारा दोन दिशांस पालटणारा असेल, तर जाणता मनुष्य वाटेच्या दोन्ही अंगांस एकेक सांपळा मांडतो, म्हणजे कोणताहि वारा आला तरी एक तरी उपयोगी पडतो.

जागेची निवड ही दुसरी गोष्ट. नवख्यास वाटतें कीं इतक्या मोकळ्या माळावर जनावर कोठूनहि जाईल. तसें होत नाहीं. मनुष्याप्रमाणें कोयोटासहि सोपी वाट आवडते. गुरांच्या पायवाटा, मोटारीच्या चाकोऱ्या, कुंपणाचे कोपरे, दोन टेकाडांमधील खिंड, कोरडे ओढे, गुरांच्या पाण्याचीं टांकीं, आणि कापलेलें शेत व गवताळ माळ जेथें मिळतात ती कड, अशा जागीं त्याचे पाय व विष्ठा वारंवार दिसतात. एकाद्या एकट्या झुडुपापाशीं किंवा जुन्या हाडापाशीं कुत्र्याप्रमाणें तोहि मूत्राची खूण ठेवून जातो. फार जोराचा वारा असला कीं त्यास ऐकूं येत नाहीं. मग तो आडोशाच्या घळींत पडून राहतो आणि वारा पडतांच भुकेलेला बाहेर निघतो. म्हणून घळींतून वर येणाऱ्या वाटा विशेष लक्षांत ठेवाव्या लागतात. मेलेलें जनावर पडलें असेल तर कोयोट त्यापाशीं एकदम जात नाहीं. खालच्या बाजूनें लांबून फेरी घालून वास घेतो. त्या फेरीच्या मार्गांतील एखादा लहान उंचवटा ही सांपळ्याची उत्तम जागा समजतात. प्रत्यक्ष उघड्या मांसाच्या अगदीं जवळ सांपळा मांडण्यास अनेक राज्यांत कायद्यानें मनाई आहे. कारण तें मांस आकाशांतून गरुडास दिसतें व निरपराध पक्षी अडकतो.

आतां प्रत्यक्ष मांडणी पाहूं. सर्वांत प्रचलित रीति म्हणजे खोटें बीळ करण्याची. दुसऱ्या एखाद्या प्राण्यानें खाऊन उरलेलें मांस पुरून ठेविलें आहे, असा भास कोयोटास व्हावा हा हेतु. एखाद्या गवताच्या थोंबाच्या किंवा शेणीएवढ्या दगडाच्या पायथ्याशीं तीन-चार इंच रुंदीचें, तिरकस, आठ-दहा इंच खोल भोंक पाडतात. त्याचें तोंड वाऱ्याच्या खालच्या बाजूस असतें, म्हणजे वास घेत येणारा कोयोट बरोबर तोंडासमोर येतो. आंत आमिष ठेवून वर मेंढीच्या लोंकरीचा किंवा गवताचा बोळा बसवितात. तोंडापासून सुमारें वीतभर अंतरावर उथळ खळगा करून त्यांत सांपळा बसवितात; तोहि अगदीं मध्यभागीं बसवीत नाहींत, किंचित् एका अंगास बसवितात. कारण कोयोटाचें नाक भोंकाच्या मध्यावर असलें तरी त्याचे पाय नाकाच्या दोन्ही बाजूंस पडतात. पाठीमागचें थोंब किंवा दगड हा उंच नसावा. त्याच्यामागें कोण दडलें आहे ह्याचा संशय जनावरास येतो. शिवाय उंच वस्तूच्या आडोशास वारा भोंवरे घालतो, त्यामुळें वासाचा पट्टा फाटतो आणि बर्फाचा ढीग नेमका सांपळ्यावर येऊन बसतो.

वारा ह्या मांडणीस तीन प्रकारें उपद्रव करतो, आणि तिन्हींवर उपाय आहेत. पहिला उपद्रव मातीचा. सांपळ्यावर पाव ते अर्धा इंच बारीक माती चाळून घालावी लागते. ती कोरडी व हलकी असेल तर सकाळपर्यंत उडून जाऊन लोखंड उघडें पडतें. म्हणून वादळी जागीं जड, रवाळ माती वापरतात, ती हातानें दाबून बसवितात, आणि वर गवताचा भुगा, शेणाचा चुरा व चार बारीक खडे पसरतात. चाळतांना चाळणी जमिनीलगत धरावी लागते, नाहींतर निम्मी माती शेजारच्या शेतांत जाते. तबकडीखालीं माती शिरूं नये म्हणून तिच्यावर कापडाचा किंवा तारेच्या जाळीचा तुकडा घालतात.

दुसरा उपद्रव थंडीचा. ओली माती गोठून दगड होते व सांपळा मिटत नाहीं. यासाठीं शहाणा मनुष्य शरद् ऋतूंतच कोरडी माती पोत्यांत भरून ठेवतो. वितळलेलें मेण मातींत कालवून तयार केलेली माती पाणी शोषीत नाहीं, म्हणून तीहि कडक थंडींत गोठत नाहीं. मीठ घातल्यासहि गोठणें टळतें, पण त्यानें सांपळ्यास गंज चढतो. येथें वाऱ्याचा एक उपकारहि सांगितला पाहिजे. ज्या टेकाडांच्या माथ्यावरून तो सतत वाहतो, तेथें बर्फ टिकत नाहीं; सखल भाग कमरेइतका भरला असतांहि माथ्याची जमीन उघडी राहते. म्हणून भर हिंवाळ्यांत सांपळा अशा माथ्यांवर मांडतात. वारा टाळण्यासाठीं खालीं उतरावें असें नवख्यास वाटतें, आणि तेथेंच त्याचा सांपळा बर्फाखालीं गडप होतो.

तिसरा उपद्रव वासाचा. वाऱ्यानें आमिषाचा वास लवकर विरतो व थंडींत तो पुरेसा सुटतच नाहीं. म्हणून आमिष भोंकांत खोल, लोंकरीच्या बोळ्यावर ठेवतात, म्हणजे तें हळूहळू सुटत राहतें. तें गोठूं नये म्हणून त्यांत ग्लिसरीन मिसळतात. आणि कडाक्याच्या थंडींत दूरवर वर्दी पोंचविण्यासाठीं स्कंक नांवाच्या प्राण्याच्या उग्र दुर्गंधी रसाचा एखादा थेंब वापरतात.

ह्याखेरीज मनुष्याच्या स्वतःच्या वासाचा प्रश्न राहतोच. सांपळे झाडाच्या साली किंवा सेजब्रशचीं पानें घातलेल्या पाण्यांत उकळून, मग मेणांत बुडवून काढतात. हातमोजे घालतात, रबरी जोडे वापरतात, जमिनीवर मेणकापड पसरून त्यावर गुडघे टेंकतात, आणि उरलेली माती त्याच कापडांत बांधून दूर नेऊन टाकतात. तेथें थुंकणें, तंबाखू ओढणें वर्ज्य. तथापि अनुभवी लोक सांगतात कीं वासापेक्षांहि सांपळ्याचें हलणें अधिक घातक असतें. जबड्याच्या कडेवर पाय पडून खालचें लोखंड जरासें डुगडुगलें, कीं कोयोट तत्काळ पाय मागें घेतो, आणि पुष्कळ वेळां सांपळा उकरून उघडा टाकून निघून जातो. म्हणून जबड्यांभोंवतीं माती ठोकून ठोकून सांपळा जमिनीशीं एकजीव केला पाहिजे. ज्याचा पाया डळमळीत त्याच्या बाकीच्या सर्व हुशारीचा उपयोग शून्य, हा अनुभव केवळ सांपळ्यापुरताच आहे असें नाहीं.

येथपर्यंत कौशल्याचा भाग झाला; आतां कर्तव्याचा. जनावर जिवंत अडकतें, तेव्हां त्याच्या यातना कमी करणें हें मांडणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय. साखळीस फिरत्या कड्या घालतात, म्हणजे पाय पिळवटत नाहीं. जबडे पूर्ण मिटूं न देतां त्यांत थोडी फट ठेवतात, किंवा त्यांस रबर लावतात. माळावरील वाळूमिश्रित जमिनींत मेख सहज उपटते आणि जनावर सांपळ्यासह पळून जाऊन कोठेंतरी झिजून मरतें. म्हणून दोन मेखा तिरप्या, एकमेकींस छेदून ठोकतात. तबकडी तीन-चार पौंड भाराशिवाय खालीं बसूं नये अशी घट्ट करतात. त्यामुळें त्याच माळावर राहणारा स्विफ्ट फॉक्स, म्हणजे पांच-सहा पौंडांची इवलीशी खोकड, वरून चालून गेली तरी अडकत नाहीं. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे सांपळा रोज सकाळीं जाऊन पाहणें. वादळ आहे, बर्फ आहे, ही सबब चालत नाहीं. मनुष्यास जें वादळ असह्य होतें, तें पाय अडकलेल्या जनावरास किती असह्य होत असेल!

इतकें करूनहि ह्या साधनाविषयीं लोकमत एक नाहीं. युरोपीय आर्थिक समुदायानें १९९१ सालीं पायसांपळ्यांविरुद्ध कायदा केला. अमेरिकेंतहि कोलोराडोंत १९९६ सालीं, कॅलिफोर्नियांत १९९८ सालीं व वॉशिंग्टन राज्यांत २००० सालीं मतदारांनीं त्यांच्या वापरावर कडक निर्बंध घातले. मेंढपाळ म्हणतो, माझें कोंकरूं मरतें तेव्हां त्याच्या यातना कोण मोजतो? प्राणिमित्र म्हणतो, एका यातनेचें उत्तर दुसरी यातना नव्हे. दोघांच्याहि म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच झगड्याच्या इतिहासाकडे वळणें अवश्य आहे.

१९१५ सालीं अमेरिकन काँग्रेसनें लांडगे व कोयोट ह्यांचा नाश करण्यासाठीं १,२५,००० डॉलर मंजूर केले, आणि सरकारी शिकारी नेमले गेले. १९३१ सालीं ह्या कामासाठीं स्वतंत्र कायदाच झाला. सांपळे, बंदुका व विष ह्यांच्या जोरावर माळावरील लांडगा बहुतेक नामशेष झाला. कोयोटाचीहि तीच गत होईल असें वाटत होतें. पण झालें उलट. लांडगा हा त्याचा बलवान् शत्रु होता. तो गेल्यावर मोकळ्या झालेल्या प्रदेशांत कोयोट पसरला. आज हवाई बेटें वगळतां अमेरिकेच्या प्रत्येक राज्यांत तो आहे. शिकागोसारख्या महानगरांतहि तो नांदतो. १९७२ सालीं राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांनीं सरकारी जमिनींवर ह्या कामीं विष वापरण्यास बंदी केली. कारण तें विष कोयोटाबरोबर गरुड, कुत्रीं व इतर असंख्य प्राण्यांचाहि बळी घेत होतें.

इतके मारूनहि कोयोट कमी कां झाले नाहींत? एक जोडी मेली कीं तिचा प्रदेश रिकामा होतो, आणि शरद् ऋतूंत आईबापांपासून वेगळे झालेले शेजारचे तरुण कोयोट तेथें येऊन राहतात. संख्या कमी झाल्यामुळें प्रत्येकाच्या वांट्यास अन्न अधिक येतें व अधिक पिलें जगतात. शिवाय प्रत्येक कोयोट कोंकरें मारतोच असें नाहीं. एडॉल्फ म्यूरी ह्या शास्त्रज्ञानें यलोस्टोन येथें अभ्यास करून १९४० सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कोयोटाचें पुष्कळसें अन्न उंदरांसारखे लहान प्राणी हेंच असल्याचें दाखविलें आहे. कळपाजवळ राहून मेंढरांस न शिवणारी जोडी ही एका अर्थीं मेंढपाळाची राखणदारच होय. कारण तिच्या हद्दींत ती परक्या कोयोटास येऊं देत नाहीं. तिला मारल्यानें कदाचित् अधिक वाईट शेजारी यावयाचा. सारांश, सर्व कोयोटांचा नाश करणें शक्यहि नाहीं व हिताचेंहि नाहीं. ज्या विशिष्ट जोडीस मेंढरांची चटक लागली आहे, तीच ओळखून, मेंढ्या विण्याच्या आधीं किंवा त्या हंगामांत, नेमकी धरणें, एवढेंच सांपळ्याचें खरें काम आहे. वाटा, पाय व वारा ह्यांचा अभ्यास असा नेमकेपणा आणण्यासाठींच करावयाचा.

आणि सांपळ्यापूर्वींचेहि उपाय आहेत. मेंढ्या विण्याच्या वेळीं कळप जवळच्या वाड्यांत आणणें, मेलेलीं जनावरें पुरून टाकणें, विजेचें कुंपण घालणें, आणि कळपाबरोबर राखणीचीं मोठीं कुत्रीं ठेवणें. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरील पिरिनीज पर्वतांतील पांढरीं कुत्रीं व हंगेरींतील कोमोंडोर जातीचीं कुत्रीं १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ह्या कामीं लावण्यांत आलीं, व त्यांचा उपयोग चांगला झाला. आपल्या धनगरांस ही युक्ति नवीन वाटणार नाहीं. दख्खनच्या उघड्या माळांवर लांडग्यापासून मेंढरें राखण्यासाठीं ते पिढ्यान् पिढ्या कुत्रीं बाळगीत आले आहेत व रात्रीं कळपाशेजारींच अंथरूण टाकीत आले आहेत. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें कोल्हा किंवा लांडगा ह्यांस सांपळ्यांत धरणें हा गुन्हा आहे, हेंहि विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. वर सांगितलेली मांडणी समजून घेण्यासाठीं आहे. माळावर जाऊन करून पाहण्यासाठीं नाहीं.

पवित्र शास्त्रांत दावीद शौल राजास सांगतो कीं कळपांतील कोंकरूं सिंहानें किंवा अस्वलानें नेलें, तर आपण त्याच्या मागें जाऊन तें सोडवीत असूं. तेव्हां कळपावर संकट आलें असतां मेंढपाळानें स्वस्थ बसूं नये, हें त्याचें कर्तव्यच ठरतें. योहानाच्या शुभवर्तमानांत उत्तम मेंढपाळ व मोलकरी ह्यांच्यांतील जो भेद सांगितला आहे, तोहि लांडगा येतो त्या वेळीं कोण कळपापाशीं उभा राहतो ह्यावरूनच सांगितला आहे. वायोमिंगच्या माळावर पहांटेच्या काळोखांत, तोंडावर बर्फाचा मारा सोसून आपल्या सांपळ्यांची फेरी चुकूं न देणारा मेंढपाळ जेव्हां दिसतो, तेव्हां तो दोन जीवांचें ऋण एकदम फेडीत असतो: जें कोंकरूं त्याच्या हवालीं केलेलें आहे त्याचें, आणि जें रानटी जनावर त्याच्या सांपळ्यांत सांपडलेलें आहे त्याचेंहि. माळावरची ही विद्या शिकण्यास अनेक हिंवाळे लागतात. परंतु ती शिकल्यावर किती वेळां वापरावयाची व केव्हां हात आंवरावयाचा, हें जो जाणतो तोच तिचा खरा जाणकार होय.